आज शेवटचा दिवस

मी एक पत्र्याची पाटी. गाड्यांच्या शोरूमच्या दारावर माझं आयुष्य गेलं. दार आपटलं तरी दचकणारी, इतकी मी भित्री. पण अंगावरची अक्षरं मात्र धीट: 'सुट्ट्यांची खास सवलत. आज शेवटचा दिवस.'

मला रंगवताना पेंटरकाकांनी खाली चार बोटं जागा मोकळी सोडली होती. "मालक, इथे तारीख टाकतो."

"तारीख कशाला? पुढच्या वर्षीही कामाला येईल," मालक म्हणाले. काकांनी ब्रश धुऊन टाकला.

पहिल्या वर्षी मी खरं बोलले. संध्याकाळी मला उतरवलं आणि उशिरा आलेल्या जोडप्याला मालकांनी हात जोडून परत पाठवलं. दुसऱ्या वर्षी आठवडाभर लटकले, मग महिनाभर. पुढे सुट्ट्या संपून शाळा सुरू झाल्या तरी मी आपली दारावरच. वॉचमन कुलूप उघडताना म्हणायचा, "तुझा शेवटचा दिवस म्हणजे आमच्या सासूबाईंचं दुखणं. आज जातात की उद्या, करत दहा वर्षं झाली." मलाही हसू यायचं. आता त्या हसण्याची लाज वाटते.

कारण एका दुपारी शिवणकाम करणाऱ्या एक ताई आल्या. गळ्यात मापाची टेप तशीच राहिलेली. एक छोटी गाडी त्यांच्या मनात भरली.

"उद्या ह्यांना घेऊन येते," त्या म्हणाल्या. "त्यांचा एक गुडघा वाकत नाही. घरात बसून कंटाळलेत. पाय आत मावतो का, तेवढं बघू दे."

सेल्समन काही खोटं बोलला नाही. त्याने नुसतं माझ्याकडे बोट केलं. "ताई, वर वाचा."

त्यांनी मला दोनदा वाचलं. मोकळ्या जागेकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. घाईघाईने सही केली.

आठ दिवसांनी त्या परत आल्या. "पाय आत जातच नाही हो. मोठ्या दाराची बदलून द्याल का?"

"विकलेली गाडी आम्ही परत घेत नाही, ताई."

त्या वळल्या आणि मी दिसले. वाऱ्याने हलत होते. लपायला जागा नव्हती.

"आजही शेवटचाच का?" त्यांनी हळूच विचारलं. सेल्समन काच पुसत राहिला.

"माप घेतल्याशिवाय जन्मात कापडाला कात्री लावली नाही मी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "त्याच दिवशी कशी लावली?"

मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या स्वतःलाच दोष देत गेल्या.

आता मला दारावरून काढलंय; गाड्या धुण्याच्या जागी गटारावर झाकण म्हणून पालथी पडले आहे. माझी पाठ अजून कोरी आहे. कुणी ब्रश घेऊन आलंच, तर तिथे एवढंच लिहा: 'उद्या या. ज्यांना बसायचंय, त्यांना घेऊन या.'

या वेळी तारीख नसली तरी चालेल.