उशाशी ठेवलेली बादली

मी एक जुनी निळी बादली आहे, मित्रांनो. तुम्ही नुकतेच जेवून उठला असाल तर माझी गोष्ट थोड्या वेळाने वाचा, कारण माझं काम काही फार देखणं नव्हतं. एका मुलीला सकाळी सकाळी उलट्या व्हायच्या आणि त्या झेलायला मी तिच्या उशाशी असायचे.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. एका कारखान्यात वितळलेलं प्लास्टिक साच्यात ओतलं आणि मी बाहेर पडले. मग एकीत एक अडकवलेल्या बहिणींबरोबर भांड्यांच्या दुकानाबाहेर लटकत राहिले. एक दिवस एका बाईंनी मला खाली उतरवलं, आत वाकून पाहिलं, बुडावर बोटांनी टकटक केलं आणि घरी नेलं. त्यांच्या नवऱ्याची लाँड्री होती. पुढे दुकान आणि मागे राहायच्या दोन खोल्या. माझ्यात शर्टांच्या कॉलरी आणि बाह्या भिजत पडायच्या. मालक गिऱ्हाइकांसमोर माझं कौतुक करायचे. ही बादली नाही, हत्ती आहे हत्ती, असं म्हणायचे. तेव्हा मला दुपारी टेकायलाही वेळ नसे, पण खरं सांगते, ते दिवस बरे होते.

मग कडी अडकवायचा माझा एक कान तुटला. एका कानाची बादली भरून उचलता येत नाही. हत्तीची रवानगी मोरीच्या कोपऱ्यात झाली. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय. तिथून मला बाहेर काढलं ते मालकांच्या मुलीच्या दुखण्याने.

तिला सगळे भिंगरी म्हणत. एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं, म्हणून वडिलांनीच ते नाव पाडलं होतं. तिसरीत गेल्यावर थंडीच्या दिवसांत ही भिंगरी एकाएकी मंदावली. उठल्या उठल्या कपाळ धरून बसायची. डोक्यात कोणीतरी कपडे आपटतंय असं सांगायची, आणि पाठोपाठ उलटी. आई मला घेऊन धावत यायची. दुपारपर्यंत शाळेत पोरगी पुन्हा हसतीखेळती व्हायची. चार दिवस बरे जायचे, की पुन्हा तेच.

वडिलांना वाटलं, शाळा चुकवायचं सोंग आहे. पण सोंग आणणारी मुलगी शाळेतून घरी यायला उड्या मारेल, आणि ही तर शाळा सुटल्यावर रेंगाळत यायची. मला हे दिसत होतं. बादलीचं कोण ऐकतं म्हणा.

मग औषधपाणी सुरू झालं. एका डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. दुसऱ्यांनी पित्त सांगितलं आणि रात्रीचं दूध बंद केलं. डोळे तपासून चष्माही झाला. भिंगरी चष्मा लावून उलटी करायला लागली, एवढाच काय तो फरक. आजार रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, ते मी जवळून पाहिलं आहे. शेवटी मोठ्या दवाखान्यात डोक्याची तपासणी झाली. काही निघालं नाही म्हणून आई देवाचे आभार मानत रडली आणि नंतर, काही निघालंच नाही म्हणून, पुन्हा रडली.

दवाखान्यांच्या या सगळ्या वाऱ्यांमध्ये मी बरोबर असायचे, भिंगरीच्या मांडीवर. बसमध्ये शेजारचे लोक माझ्याकडे बघून सरकून बसत. त्यांना दोष देत नाही. माझ्याकडे बघून कोणाला भूक लागावी असं माझ्यात काही नव्हतं. घरी आल्यावर मला घासून उन्हात पालथी घालत आणि संध्याकाळी पुन्हा पलंगाखाली ठेवत. मी फार थकले होते. आईही थकली होती. तिचंही डोकं दुखायचं, पण आईचं डोकं दुखणं ही काही घरात हिशेबात धरायची गोष्ट नसते. ती एक गोळी घेऊन इस्त्रीला उभी राहायची.

आता भिंगरी झोपायची ती खोली कशी होती ते तुम्हाला सांगते. लोकरीचे कोट आणि ब्लँकेटं पाण्यात घातली की आटतात, म्हणून ती एका पातळ द्रवात धुतात. आमच्या दुकानात त्याला नुसतं औषध म्हणत. धुतल्यावर ती सुकवायची, तर दुकानात रस्त्याची धूळ आणि परसात कबुतरं. मालकांना कपड्यावर एक कण चालायचा नाही. म्हणून त्यांनी घरातली सगळ्यात स्वच्छ जागा निवडली, भिंगरीची खोली. पलंगावरून दोऱ्या बांधल्या होत्या. थंडी वाढली की दोऱ्या कोटांनी भरून जात. खिडकी बंद असे आणि फटींमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. आपल्या मुलीला गार वारा लागू नये आणि लोकांच्या कपड्यांना धूळ लागू नये, दोन्ही कामं एकाच बोळ्यात.

शेवटी एका लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाईंनी आधीचे कागद बाजूला ठेवले आणि भिंगरीलाच विचारलं, तुला बरं कधी वाटतं. दुखतं कधी हे आजवर सगळ्यांनी विचारलं होतं. हे कोणी विचारलं नव्हतं. भिंगरी म्हणाली, शाळेत, आणि सुट्टीत मावशीकडे गेले होते तेव्हा. मग बाईंनी वडिलांना घराबद्दल विचारलं. घरात धूर, रंग, कसला उग्र वास? वडिलांना थोडा रागच आला. स्वच्छता हाच आमचा धंदा आहे, आमच्याकडे कसलाच वास नाही, असं त्यांनी सांगितलं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच वास येत नव्हता.

बाईंनी औषध लिहिलंच नाही. काही दिवस मुलीला मावशीकडे ठेवा आणि मग मला भेटा, एवढंच म्हणाल्या. परत येताना वडील बसमध्ये कुरकुरत होते, औषध न देणारी डॉक्टर आपण पहिल्यांदाच पाहिली म्हणून.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. ती एका उंच इमारतीत वरच्या मजल्यावर एकटी राहायची. बरोबर मीही गेले. मावशीने मला पलंगाखाली सरकवलं, आणि मी तिथेच राहिले. एक सकाळ गेली, दुसरी गेली, मला कोणी हाकच मारली नाही. भिंगरी उठल्या उठल्या खिडकीशी पळायची, काहीतरी सांडायची, ओरडा खायची. चष्मा कुठे ठेवला हेही तिच्या लक्षात राहीना. मित्रांनो, कामाविना पडून राहण्याचं इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

आठवडा उलटला आणि वडील तिला भेटायला आले. मुलीशिवाय त्यांना करमत नव्हतं, पण ते तसं म्हणाले नाहीत. थंडी फार आहे, एवढंच म्हणाले, आणि पिशवीतून भिंगरीचं लाडकं लाल ब्लँकेट काढलं. ते त्यांनी तिच्यासाठी स्वतःच्या हाताने धुतलं होतं, नेहमीपेक्षा जास्त औषध घालून, आणि लगेच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आणलं होतं. भिंगरीने ते गळ्यात घातलं. रात्री मावशीने खिडकी लावून घेतली आणि पोरगी ब्लँकेट डोक्यावरून ओढून झोपली.

सकाळी मला हाक आली.

मावशीने भिंगरीची पाठ चोळली, तोंड पुसलं, आणि अंथरूण काढायला गेली तशी थबकली. ब्लँकेट उचलून नाकाशी नेलं आणि झटक्यात दूर धरलं. मग तिने भिंगरीच्या वडिलांना फोन केला. दुकान तसंच टाकून ते आणि आई दोघं आले. वडील धापा टाकत होते, कारण जिना एका दमात चढले होते.

मावशी म्हणाली, "भावजी, ह्याचा वास घ्या."

वडिलांनी ब्लँकेटमध्ये तोंड खुपसलं. दोनदा खोल श्वास घेतला. मग गोंधळून तिच्याकडे बघितलं.

"कसला वास? स्वच्छ आहे की."

"तुम्हाला येत नाही? माझं इथे उभ्याउभ्या डोकं चढलंय."

त्यांनी ब्लँकेट बायकोकडे दिलं. तिनेही हुंगलं आणि मान हलवली. तिलाही काही कळेना. जन्म त्या वासात गेलेला, नाकांनी कधीच हात टेकले होते. तेव्हा पलंगावरून भिंगरी बोलली. आवाज बारीक झाला होता.

"हाच वास असतो रोज. मला वाटलं, आपल्या घराचाच वास असा असतो."

 वडील पलंगाच्या कडेवर, माझ्या शेजारी बसले.  त्यांनी बायकोच्या हातून ब्लँकेट घेतलं आणि पुन्हा एकदा नाकाशी धरलं.

त्याच दिवशी ते डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि समजावलं, की कपडे सुकताना त्या औषधाची वाफ होते. बंद खोलीत ती साठते आणि झोपलेलं मूल रात्रभर तीच ओढत राहतं. सतत त्यातच वावरणाऱ्याचं नाक सरावतं आणि वास सांगायचं सोडून देतं. त्यांनी वडिलांना बोल लावला नाही. त्याची गरजही नव्हती, ते काम वडील स्वतःच करत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालं होतं. मुलीला इतके दवाखाने दाखवले आणि तिची खोली कोणीच पाहिली नाही.

घरी येऊन त्यांनी आधी खिडकीतले बोळे उपसले. मग दोऱ्या सोडल्या. कपडे आता गच्चीवर सुकतात, चारी बाजूंनी वारा खेळेल अशा छपराखाली, कबुतरांसाठी जाळी लावून. कोट मिळायला उशीर होतो म्हणून काही गिऱ्हाइकं चिडली, काही तुटली. आईचं डोकं दुखायचं थांबलं तेव्हा कुठे घराला कळलं, की तिचंही दुखत होतं.

मित्रांनो, मी साधी बादली. वर आलेलं झेलते, ते का आलं हे मला सांगता येत नाही. माझी एवढीच विनंती आहे. मूल वरचेवर आजारी पडलं, तर मला घासून पुसून पुन्हा पलंगाखाली ठेवण्यावर समाधान मानू नका. ते कुठे झोपतं ते बघा. त्याला बरं कुठे वाटतं ते विचारा. खिडकी उघडा. आणि तुम्ही स्वतः ते मूल असाल, तर तुम्हाला जे जाणवतं ते सांगत राहा, मोठ्यांना जाणवत नसलं तरी.

मी आता गच्चीच्या दाराशी असते, चिमटे ठेवायला. संध्याकाळी मालक छपराखालून एकेक कोट उतरवतात. घडी घालण्याआधी ते भिंगरीला हाक मारतात, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसतात आणि तो कोट तिच्यापुढे धरतात. ती हुंगते. "अजून येतो, बाबा," म्हणाली, की ते लगेच उठतात आणि कोट परत दोरीवर टाकतात.