लंडनचा डॉक्टर आणि इस्तारी प्रॉम्प्टर

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत इस्तारी सव्वीस वर्षं प्रॉम्प्टर होता. पडद्याआड बसून त्यानं वाक्य पुरवायचं, नटानं ते फेकायचं आणि शिट्ट्या नटानं घ्यायच्या. त्यामुळं स्वतःच्या डोक्यानं बोलणारा माणूस जगात नाहीच, असं त्याचं ठाम मत झालं होतं. सगळे मेले पोपट! आणि त्यांत सगळ्यांत मूर्ख म्हणजे त्याची विधवा बहीण गोकुळा, कारण सहा महिन्यांपासून ती फोनवरच्या लंडनच्या डॉक्टरवर भाळली होती.

गोकुळा शेहेचाळीस वर्षांची. पोंभुर्ण्याच्या बाजारात तलावाची मासोळी विकायची. घर तिचं आणि इस्तारीला दोन वेळा रांधून घालणारीही तीच. इस्तारीनं लग्न केलं नव्हतं. आयतं ताट समोर येत असताना नसती उठाठेव कोण करतो?

डॉक्टर फोटोत भलताच गोरागोमटा होता. गळ्यातला स्टेथोस्कोप जेवतानाही काढत नसे. त्यानं गोकुळेसाठी पाठवलेलं दागिन्यांचं पार्सल म्हणे दिल्लीच्या विमानतळावर अडकलं होतं आणि सोडवायला साठ हजार लागत होते. मासोळी विकून जमवलेली सोन्याची पोत ती आज दुपारी गहाण ठेवणार होती. मग डॉक्टर येणार आणि तिला घेऊन जाणार. पोत जाईल याचं इस्तारीला वाईट वाटत होतंच. पण गोकुळा गेली तर भात कोण रांधणार, ही चिंता त्याहून मोठी होती.

"काय वं, लंडनच्या डॉक्टरले मासोळीवालीच भेटली का?"

"तुले काऊन झोंबून राह्यलं?" गोकुळा म्हणाली. तेवढ्यात डॉक्टरचा फोन आला. भावाची जिरावी म्हणून तिनं आवाज मोठा केला.

"गोकुळा, जेवलीस का? तुझा आवाज ऐकल्याशिवाय माझा दिवस उगवत नाही."

इतकं टुकार वाक्य इस्तारीनं पडेल नाटकातही पुरवलं नव्हतं. पण त्याचे कान टवकारले. गोकुळा हसो की रुसो, डॉक्टरचं उत्तर नेमकं तेवढ्याच वेळानं येत होतं. पाठांतर नसलेला नट पडद्याकडं कान लावून थांबतो, तसं. शिवाय ना खोकला, ना आवंढा, ना श्वास. मशीन माणसासारखं बोलतं हे त्यानं नाटक कंपनीतल्या पोरांकडून ऐकलं होतं. त्यानं फोन हिसकावला.

"डॉक्टरसाहेब, मागचं सगळं सोडा. आता मी सांगतो तेच वाक्य म्हणा. प्रेमानं म्हणा."

"नक्कीच. सांगा ना."

"मी डॉक्टर नाही, इस्तारीभाऊचा रेडा आहे."

नेमका तेवढाच वेळ गेला. मग तोच मधाळ आवाज आला, "मी डॉक्टर नाही, गोकुळा. मी इस्तारीभाऊचा रेडा आहे."

इस्तारी पोट धरधरून हसला. "आयकलं? कोनीतरी चोर मशीनच्या मांगं बसून तुले लुटून राह्यला, अन् तू या रेड्यासंग संसार मांडून राह्यली! अक्कल गहान ठेवली का पोतीच्या आधी?"

गोकुळेनं फोन घेऊन बंद केला. ती रडेल असं त्याला वाटलं होतं. ती रडली नाही.

"भाऊ, माह्या घरवाल्याले जाऊन दोन वर्सं झाली, तवा आलापल्लीचा विनोद माह्यासंग पाट लावाले, दुसरं लगन कराले आला होता. पाव्हने ओसरीत बसले होते अन् तू माह्या मांगं दाराआड हुभा होता. 'मले पाट नाई लावायचा,' असं मी बोलली. ते वाक्य कोनाचं होतं?"

इस्तारीचं हसू आटलं. "मी तुह्या भल्यासाठीच..."

"या मशीननं चोरीसाठी का होईना, सहा महिने मी जेवली का म्हनून विचारलं. तू वीस वर्सांत एकच विचारलं, काय रांधलं."

तिनं पोत पेटीत ठेवून कुलूप घातलं, किल्ली कनवटीला खोचली आणि मासोळीची टोपली डोक्यावर घेतली.

"तांदूळ डब्यात हायेत," ती दारातून म्हणाली. "आजपासून तुह्यं तू रांध."