नगारखान्याचं उत्तर

"चाचा, आधी खाली उतरा. ह्ये काय चालवलंय?"

गैबी नगारजी शिडीच्या टोकावर उभा होता. एका हातात चुन्याचा डबा, दुसऱ्यात कुंचला, आणि भुवयांपर्यंत सगळा पांढराफटक. माझा आवाज ऐकून त्याने मान वळवली आणि हसला.

"आलासा सायब? अमीर, च्या टाक गं. ह्येवढा कोपरा झाला की उतरतोच."

१९७४ सालचा नोव्हेंबर होता. दुसऱ्या दिवशी आमचे उपअभियंता नगारखान्याची पाहणी करायला येणार होते. मी त्यांच्या कचेरीतला कनिष्ठ लिपिक, म्हणून आदल्या दुपारी जागा बघून ठेवायला आलो होतो. बघतो तर काय, जागा ओळखूच येईना. जुना संस्थानी नगारखाना, वर नगाऱ्यांची माडी, खाली जिन्याशेजारी गैबीची खोली. छताच्या भेगेत उगवलेला पिंपळ आणि भिंतींवरचे हिरवे ओघळ मी तीन वर्षं बघत आलो होतो. आता पिंपळ नव्हता आणि ओघळही नव्हते. गुळाच्या पाण्यात चुना भिजवून, त्यात बेलफळाचा गर घालून गैबीने एकेक भेग बुजवली होती.

"पंधरा दीस झालं, दोघंबी लागलोय," अमीरबी कपबशी पुढे करत म्हणाली. ती गैबीची बायको. तिचे हात चुन्याने फाटले होते.

हे सगळं कशासाठी, ते सांगतो. गैबी बावीस वर्षं रोजंदारीवर होता. सकाळ-संध्याकाळ नगारा वाजवायचा, झाडलोट करायची, रात्री राखण करायची. छत दुरुस्त करा आणि मला कायम करा, एवढंच त्याचं मागणं. तसे तीन अर्ज त्याने केले. तिन्ही माझ्या कपाटात पडून होते. वर पाठवायचे राहून गेले, असं मी तेव्हा म्हणायचो. खरं म्हणजे कंटाळा केला. शेवटी तो आमदार गणपतरावांकडे गेला. गणपतराव विरोधी बाकावरचे, त्यांना सरकारला चिमटा काढायला काहीतरी हवंच होतं. त्यांनी नागपूरच्या अधिवेशनासाठी तारांकित प्रश्न टाकला: नगारखान्याचे छत गळते व नगाऱ्याचे कातडे फाटले आहे, हे खरे आहे काय, असल्यास दुरुस्तीसाठी कोणती तरतूद केली, आणि तेथील नगारजीस सेवेत कायम का केले नाही?

प्रश्न आला आणि आमच्या कचेरीत धावपळ उडाली. छत गळतं असं उत्तर गेलं असतं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग तक्रार आली होती का? अर्ज कुणी दाबले?

त्यामुळे ती पांढरीशुभ्र भिंत बघून मला वाईट वाटायला हवं होतं. मला हायसं वाटलं.

तरी तोंडदेखलं विचारलं, "येवढं कशाला केलंसा चाचा?"

"वा सायब! मोठं पावणं दारात येनार, आन् त्यास्नी ओल दावायची व्हय?" गैबी शिडीवरून उतरत म्हणाला. "संस्थानचा नगारखाना हाय ह्यो. भिकाऱ्यागत हात पसरायचा न्हाय. काम बघूनच सायब म्हनतील, ह्या गड्याला कायम करा."

एक वाक्य पुरेसं होतं. 'चाचा, गळतंय हेच तर दाखवायचंय.' ते माझ्या जिभेवर आलं होतं. मी त्यावर चहाचा घोट घेतला.

मग त्याने मला माडीवर नेलं. मोठ्या नगाऱ्याला ठिगळ लावून तेल चोळलं होतं. धाकट्या नगाऱ्याचं फाटकं कातडं काढून नवं कोरं ताणून बसवलं होतं. गैबीने बोटाने टिचकी मारली. खणखणीत वाजला.

"शेळीचं हाय," तो म्हणाला. "दुकानातलं परवडंना. मग आपलीच कापली."

मला आठवलं. दहा दिवसांपूर्वी त्याने माझ्या घरी मटणाचा डबा पाठवला होता. कसली दावत म्हणून मी विचारलंही नव्हतं. घरच्या सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्लं होतं.

"दुभती हुती," अमीरबी जिन्यावरून म्हणाली. गैबीने तिच्याकडे डोळे वटारले, तशी ती खाली गेली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. गैबी जुना संस्थानी फेटा बांधून दारात उभा होता. साहेबांच्या गळ्यात झेंडूचा हार पडला, हातात शिऱ्याची बशी आली. साहेबांनी मान वर करून छत बघितलं.

"पाणी गळतं का रे?"

"आता एक थेंब न्हाय सायब!" गैबी छाती फुगवून म्हणाला. "तुमी येनार म्हनून सगळं बुजवलं."

"लिहा," साहेब माझ्याकडे वळून म्हणाले. "गळती नाही. नगारे?"

गैबीने दोन्ही नगारे वाजवून दाखवले. इतकं मनापासून मी त्याला वाजवताना कधी ऐकलं नव्हतं. खाली रस्त्यावर माणसं थांबली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, शिऱ्याची बशी संपवली आणि जीपमध्ये बसता बसता मला म्हणाले, "इथं काही करायची गरजच नाही. आमदारांना उगीच खाज."

उत्तराचा मसुदा मी लिहिला. अक्षर माझं चांगलं होतं. छत व नगाऱ्यांबाबत: हे खरे नाही. तरतुदीबाबत: प्रश्न उद्भवत नाही. नगारजीबाबत मात्र अडलं. बावीस वर्षं माणूस रोजंदारीवर का, याला उत्तर नव्हतं. साहेबांनीच वाट काढली. त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं: इमारत सुस्थितीत असल्याने तेथे स्वतंत्र सेवकाची आवश्यकता नाही.

डिसेंबरात हे उत्तर नागपूरला सभागृहात वाचलं गेलं. गैबी कचेरीत विचारायला आला, तेव्हा मी त्याला पहिला भाग वाचून दाखवला. इमारत सुस्थितीत आहे. त्याचा चेहरा उजळला.

"नागपुरात म्हनाले असं? समद्यांच्या म्होरं?"

"व्हय."

"माझा चुना नागपुरात गाजला की सायब!" त्याने शिपाई केरबाला मिठीच मारली. जाताना आमच्या टेबलांवर पेढे ठेवून गेला. मी दोन खाल्ले.

दुसऱ्या भागाची गोष्ट त्याला गणपतरावांकडून कळली. तो त्यांच्याकडेही पेढे घेऊन गेला होता. पुढाऱ्याने चार माणसांत त्याला उभा-आडवा घेतला.

"आरं गाढवा, तुला चुना माराय कुनी सांगितलं? मी सभागृहात गळतंय म्हनून बोंबलतोय, आन् मंत्री म्हनतोय येऊन बघा! समदं हसलं मला. चल, हो भाईर!"

गैबी पुन्हा कचेरीत आला. या वेळी माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

"सायब, माझी काय चूक झाली?"

मी फायलीत तोंड घातलं. वर साहेबांच्या खोलीत त्याला काढायचाच हुकूम टाइप होत होता. सभागृहात दिलेलं उत्तर खोटं पडता कामा नये, म्हणून सेवकाची गरज नाही म्हटलं की सेवक नको. पंधरा दिवसांत खोली खाली करायची होती.

खोलीचा ताबा घ्यायलाही मलाच पाठवलं. बरोबर केरबा होता, कुलूप घेऊन; सामानाला सील लावायची लाखेची कांडी माझ्या खिशात होती. गैबीचा संसार एका हातगाडीवर मावला होता. अमीरबीच्या गारगोटीच्या भावाकडे जाणार होते दोघं. गैबीने अंगण झाडून ठेवलं होतं. मी आलो तेव्हा तो जिना झाडत होता.

"ऱ्हाऊ द्या की चाचा," केरबा म्हणाला.

"न्हाय. पंचनाम्याला पंच येतील. कचरा दिसाय नगो."

मला रडू फुटेल असं वाटलं. फुटलं नाही. मी माडीवर जाऊन कागद पसरला आणि सामानाची यादी करू लागलो. सतरंजी एक. टिपऱ्या चार. अमीरबी मागून आली आणि धाकट्या नगाऱ्याशी बसली.

"सायब, ह्ये एक कातडं आमचं हाय," ती हळूच म्हणाली. "काढून न्हेऊ का?"

"तसं न्हाय करता येत चाची. सरकारी नगाऱ्याला बसलं म्हंजे सरकारी झालं."

कातड्याच्या कडेला, दोरीखाली, चार-दोन तांबूस केस राहून गेले होते. गैबीच्या हातून ते तासायचे राहिले असावेत. अमीरबी त्या केसांवरून बोट फिरवत राहिली, धार काढण्याआधी जनावराला चुचकारतात तशी.

खालून गैबीची हाक आली, "अमीर, चल."

मी यादीत लिहिलं: नगारे दोन, सुस्थितीत. आणि तिचा हात बाजूला होण्याची वाट बघत लाखेची कांडी पेटवली.