निरोगी भोपळा

मिरजेच्या त्या मंगल कार्यालयात लग्नालासुद्धा एवढी माणसं येत नाहीत. चपलांचा ढीग फाटकापर्यंत आला होता. कोणी जतहून टेम्पो भरून आलं होतं, कोणी विट्याहून मोटारीनं. स्टेजवर नादगुरू वीरधवलजी बसले होते. पांढरा झब्बा, गालाशी माइक, पुढ्यात मखमलीवर एक काळी पेटी. पेटीच्या वायरींच्या पट्ट्या बोटांना बांधल्या की ती किंचाळायची आणि लाल दिवा लागायचा.

"ऐका! हा तुमच्या पेशींचा आक्रोश!" वीरधवलजी गरजत. "याचं नाव बायोफीडबॅक. परदेशात आत्ता कळलं, आपल्या ऋषींना कधीचं ठाऊक होतं!" मग ते रोग्याच्या डोक्यावर हात ठेवून लांबलचक हुंकार भरत. पेटीचा सूर उतरत उतरत खर्जात जाई, हिरवा दिवा लागे आणि टाळ्या पडत. "पेशी शांत! आजपासून गोळ्या बंद!"

मागच्या रांगेत डॉक्टर गुणमाला बसल्या होत्या. 'गोळ्या बंद' ऐकून त्यांना नुसता थकवा आला. संताप कधीच आटून गेला होता. अशीच एक पेटी त्यांच्या दवाखान्यातही होती. डोकेदुखीनं बेजार झालेल्यांना, जबडा आवळून झोपणाऱ्यांना त्या तिच्यावर अंग सैल सोडायला शिकवत. आरशात बघून भांग पाडावा, तसं सुराकडं कान देऊन शरीर सैल करायचं. बिचारी पेटी फक्त दाखवते, रोग बरा करत नाही. आठवडेच्या आठवडे सराव केला तर गुण येतो. पण सरावाला कोण टाळ्या वाजवणार?

त्या आल्या होत्या शेजारी बसलेल्या जरिनासाठी. तिचे वडील चांदसाहेब तंबोरे बनवत. त्यांचा रक्तदाब जुनाट होता आणि वीरधवलजींच्या शब्दावर त्यांनी गोळ्या सोडल्या होत्या. "बाई, अब्बा आता उजव्या हाताला मुंग्या येतात म्हणतायत," जरिना रडवेली होऊन म्हणाली होती. "माझं काय ऐकनात."

काल गुणमालाबाई त्यांना दुकानात जाऊन भेटल्या, तर चांदसाहेब हसले. "डॉक्टरीणबाई, साऱ्या हिंदुस्थानातले गवई माझ्या कानावर इस्वास ठेवतात. माझ्या अंगाचा सूर उतरून षड्जावर आला, ह्या कानांनी ऐकलाय मी. कान खोटं बोलतोय व्हय?"

कान खरंच खोटं बोलत नव्हता. ज्या गावात सूर लागला की तंबोरा झाला असं मानतात, त्या गावातला माणूस सूर लागला की प्रकृती बरी झाली असं मानणारच. तो सूर कशाचा, एवढंच विचारायचं राहून गेलं होतं.

आता बाई सुराकडं लक्ष न देता हातांकडं बघू लागल्या. पट्ट्या बांधण्याआधी सेवक प्रत्येकाची बोटं तांब्याच्या वाडग्यात बुडवी. "अहंकार सोडा," म्हणे. हुंकार संपत आला की तीच बोटं पुसून, पूड चोळून पट्ट्या पुन्हा घट्ट करी. हिंदूला म्हणे भस्म, मुसलमानाला संदल, जैनाला चंदन. डबी एकच.

बाईंना हसू आलं आणि लगेच मावळलं. इतकी साधी लबाडी, आणि एवढं गाव?

तेवढ्यात पुकारा झाला, "मिरजेचे कान, चांदसाहेब, आपला अनुभव सांगतील!" चांदसाहेब स्टेजवर चढले. त्यांच्या मागोमाग बाईही चढल्या.

"चाचा, अनुभव सांगाच. त्याआधी एक करूया. दुकानातला तंबोऱ्याचा वाळलेला भोपळा मागवा. त्याला पट्ट्या लावून बघू."

"निर्जीव वस्तूला नादचिकित्सा लागू नाही!" वीरधवलजी घाईनं म्हणाले.

चांदसाहेबांची मान झटक्यात वळली. "आवं महाराज, भोपळा निर्जीव? माझी सारी जिंदगी त्यातनं बोलली की. जरिना, आण गं!"

दुकान पलीकडच्याच गल्लीत. जरिना पळत गेली, भोपळा घेऊन पळत आली. बाईंनी पट्ट्या चिकटवल्या. पेटी खर्जात गुणगुणली, हिरवा दिवा लागला.

"मंडळी," बाई म्हणाल्या, "या पेटीच्या मते मिरजेत सगळ्यात निरोगी हा भोपळा."

हशा पिकला. बाईंनी वाडग्यातलं पाणी ओंजळभर भोपळ्यावर ओतलं. पेटी किंचाळली, लाल दिवा लागला. पदरानं कोरडं पुसून वर पूड चोळली, तर पुन्हा खर्ज, पुन्हा हिरवा.

"पाणी खारट आहे, चाखून बघा. ओल्या कातडीतून वीज सहज जाते, सूर चढतो. कोरडीतून जात नाही, उतरतो. माणूस घाबरला की घाम येतो, निवांत झाला की कमी होतो, म्हणून हे यंत्र खऱ्या कामाचंही आहे. पण ते घामाची खबर देतं. त्यात रक्तदाब दिसत नाही, साखर दिसत नाही."

"बाईंची पोटदुखी आहे ही!" कोणीतरी ओरडलं. काहीजण वीरधवलजींच्या पाया पडायला पुढं सरसावले. डोळ्यांदेखत बघूनही. बाईंना त्याचं नवल वाटलं नाही. वीरधवलजी मात्र पेटी काखेत मारून मागच्या दारानं सटकले.

बाईंनी सोबत आणलेल्या रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा चांदसाहेबांच्या दंडाला बांधला. आकडा दोनशेच्या वर गेला. त्यांनी पर्समधली गोळी काढली, जरिनानं पाणी दिलं.

"चाचा, ही घ्या आणि लगेच दवाखान्यात चला. ही अर्धांगाची सुरुवात असू शकते, वेळेत पोचलो तर हात वाचेल."

चांदसाहेबांनी गोळी तळहातावर धरली. "ही कवापातूर घ्यायची?"

"कायमची."

"त्यो म्हणत हुता, सुटली."

"म्हणूनच त्याच्याकडं रांग लागते, चाचा. माझ्याकडं सुटका नाही. गोळी आहे, पथ्य आहे, सराव आहे."

चांदसाहेबांनी गोळी घेतली. मग स्टेजवरचा माइक डाव्या हातानं उचलला, कारण उजव्या हातात तो धरवेना.

"लोकहो, माझा कान खरा हाय. पर भोपळ्याला लावून बघायची अक्कल मला न्हाई झाली, अन् जल्मभर मी भोपळेच कोरले. कुणी बी चमत्कार दावला तर आधी इचारा, हे आणिक कशानं हुतंय? इचारल्यानं देव रागवत न्हाई. भोंदू रागवतो. अन् गोळ्या सोडल्या असतील त्यांनी आज घरी जाऊन घ्या. माझा हात बघा अन् घ्या."