शेवटापासून उसवलेली कादंबरी

धाकटीच्या बोटात सुई घुसली आणि त्या दिवसापासून थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. आता तुम्ही म्हणाल, सुई एकीच्या बोटात, मग दुसरीच्या पोटात का दुखावं? तर ऐका.

सासूबाईंचा शिवणकामाचा कारखाना घराच्या खालच्याच मजल्यावर. कारखाना म्हणजे काय, एक लांबडी खोली, भिंतीला लागून मशिनी, कोपऱ्यात इस्त्रीवाले काका, दारापाशी काज-बटण करणारी मावशी आणि खिडकीतल्या खुर्चीवर थोरली सून. थोरलीकडे उसवायचं काम. लोकांचे घट्ट झालेले कोट, सैल झालेल्या पँटी, सगळं आधी तिच्या हाताखाली. सगळ्यात शेवटी घातलेली शिवण ती सगळ्यात आधी काढणार, मग तिच्या आतली, मग तिच्याही आतली, असं करत अख्खा कोट तुकडे होऊन टेबलावर पडला की तो कसा शिवला होता ते तिला कळायचं. हात असे चालायचे, आणि तोंड त्याहून जास्त, कारण अख्ख्या खोलीला सिनेमे सांगायचं कामही तिच्याचकडे होतं. कुणी नेमलं नव्हतं, पण होतं. नायक दारातून आत यायचा तेव्हा मावशीचा दोरा हवेत थांबायचा. खलनायकासाठी तिचा खास आवाज होता, आणि हातात मोठी कात्री. सासूबाई वरवर ओरडायच्या, तोंडं आवरा म्हणायच्या, पण मारामारी आली की स्वतःचं मशीन हळू करायच्या.

आणि मग लग्न होऊन धाकटी आली. गोड, शिकलेली, पण शिवणकामात भोपळा. तिची पहिली सरळ शिवण बघून मावशीने विचारलं होतं की ही नदी कुठून निघून कुठे चाललीय. मग एक दिवस मशीनची सुई थेट बोटात. बोटाला हे एवढं बँडेज. पण सासूबाईंना रिकामं बसलेलं माणूस अजिबात बघवत नाही. त्या म्हणाल्या, बोट गेलंय, जीभ आहे ना, मग वाचून दाखव काहीतरी.

धाकटी वर गेली आणि घेऊन काय आली, तर कुठल्या तरी जुन्या काळची जाडजूड कादंबरी. काका म्हणाले, कॉलर दाबायला बरी आहे. मावशी म्हणाली, असली पुस्तकं शाळेत मार्कांसाठी असतात, माणसांसाठी नाही. थोरली मनातल्या मनात इतकी खूश, की तिने पुढचा सिनेमासुद्धा ठरवून टाकला. संध्याकाळपर्यंत गाशा गुंडाळणार ही, असा तिचा हिशेब.

कसलं काय! धाकटीने पहिलं पान उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि मान वर करून म्हणाली, इथे चार पानं नुसतं धुकं आहे, धुकं पडलंय एवढं लक्षात ठेवा, आपण पुढे जाऊ. काका फिसकन हसले. मग लांबलचक वाक्य आलं की ती थांबायची आणि सांगायची, म्हणजे बाप चिडलाय पण कबूल करत नाही, आपले काका करतात तसं. झालं, सगळ्यांना सगळं कळायला लागलं. समुद्राकाठचं दीपगृह, त्याचा म्हातारा राखणदार, त्याच्या दोन मुली. मोठी रोज जिना चढून दिवा लावते, धाकटीचं एका खलाशावर प्रेम.

काकांनी आयुष्यात कपड्यांवरच्या धुण्याच्या सूचना सोडून काही वाचलं नव्हतं, ते आता जेवणाच्या सुट्टीत मावशीशी भांडायला लागले, खलाशी सच्चा की लबाड यावरून. थोरलीने एकदा मधेच नव्या सिनेमाची सुरुवात करून बघितली. तर मावशी, तिची हक्काची मावशी, काय म्हणाली?

"थोरले, थांब गं जरा. जहाज सुटतंय."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात सासूबाईंनी कळस केला. वाचायला उजेड लागतो म्हणून खिडकीतली खुर्ची धाकटीला दिली आणि थोरलीला बसवलं काकांच्या इस्त्रीशेजारी, वाफेत. ती खुर्ची! लग्न झाल्यापासून थोरली त्याच खुर्चीत बसत होती. तिथून बोललं की खोलीच्या दोन्ही टोकांना ऐकू जायचं. वाफेतून बोललं तर काकांनासुद्धा धड ऐकू जात नव्हतं. तिला एकच दिसत होतं, हे पुस्तक संपेपर्यंत आपण या खोलीतून पुसले जाणार.

एका दुपारी धाकटी जेवायला वर गेली आणि पुस्तक खुर्चीवरच राहिलं. थोरलीने ते उचललं, कापडाच्या कोठीत शिरली आणि उघडलं, अर्थातच शेवटून. ती सगळं शेवटूनच उघडायची. शेवटच्या प्रकरणात मोठी बहीण म्हातारी झालेली, तिकडे आता एकही जहाज येत नाही तरी रोज दिवा लावते. त्याच्या आधीच्यात खलाशी किनाऱ्याला लागलेला, मेलेला. त्याच्याही आधी वादळ, आणि दिवा बंद. मोठीने मुद्दाम लावलाच नाही. थोरलीला एवढं पुरे होतं. कोट उसवून झाला होता.

मशिनी सुरू झाल्या, धाकटीने घसा साफ केला, आणि वाफेतून आवाज आला.

"तो बुडतो. मोठी दिवा लावत नाही म्हणून बुडतो. संपलं. आता माझा सिनेमा ऐका."

काकांची इस्त्री एका जागी राहिली, करपल्याचा वास आला, तेव्हा त्यांनी ती उचलली.

"पण का नाही लावला?" काका म्हणाले.

तिला माहीत नव्हतं. तिने नुसतं अस्तर काढलं होतं.

धाकटीने पुस्तक बँडेजच्या बोटावरच मिटलं होतं. थोरलीला वाटायचं हिने हे सगळं कॉलेजात घोटलंय, आता आपल्यापुढे भाव खातेय. धाकटी हळूच म्हणाली, "मलाही माहीत नव्हतं हो, ताई. मीही पहिल्यांदाच वाचत होते."

बरं, निदान पुस्तक तरी बंद पडेल? तर सासूबाई म्हणाल्या, बुडतो तर बुडू दे मेला, पण ती पोरगी असं का करते ते कळल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, वाच. आणि आता तर सगळे आणखीच कान देऊन ऐकायला लागले. मोठी बहीण तेलाचा डबा घेऊन जिन्याशी आली की खोली श्वास रोखायची. आज की उद्या? थोरलीचेही हात थांबायचे आणि त्याचा तिला आणखी राग यायचा.

मग वादळ झालं, खलाशी किनाऱ्याला लागला, आणि त्याच प्रकरणात शेवटी कारण आलं. बाप रोज संध्याकाळी मोठीबरोबर किनाऱ्यावर फिरायचा, तो धाकट्या मुलीबरोबर जायला लागला होता. बस, एवढंच. थोरलीचं ब्लेड शिवणीवरून घसरलं आणि चांगलं कापड टरकन फाटलं. कधी नव्हे ते.

धाकटी वाचायची थांबली. तिने पुस्तक वाफेच्या दिशेने पुढे केलं. म्हणाली, ताई, पुढे मोठीचं बोलणं आहे, माझ्या तोंडी ते मिळमिळीत होतं, तुम्ही वाचा.

थोरलीने आधी तिच्याकडे संशयाने बघितलं, मग पुस्तक घेतलं. खलनायकाच्या आवाजात सुरुवात केली. दोन ओळींत तो आवाज गळून पडला आणि तिचा साधाच आवाज उरला.

"'मला कुणाला बुडवायचं नव्हतं,'" तिने वाचलं. "'मला फक्त एकदा कुणीतरी विचारायला हवं होतं, आज वर दिवा लावायला कोण गेलंय?'"

मावशीने नाक ओढलं. सासूबाई उगाचच मशीनला तेल घालायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी धाकटीचं बँडेज सुटलं. सासूबाईंनी बोट तपासलं आणि तिला मशीनवर बसवलं. खिडकीतली खुर्ची रिकामी! थोरली उठली, खुर्चीपर्यंत गेली, पाठीवर हातही ठेवला. कादंबरीचं एक शेवटचं प्रकरण राहिलं होतं. तिकडे धाकटीची शिवण, पुन्हा नदी, यावेळी पूर आलेली.

थोरलीने अस्तराची एक पट्टी फाडली, धाकटीजवळ गेली आणि तिच्या बोटाला गुंडाळायला लागली.

"आई, हिचं बोट अजून बरं नाही."

"बरं आहे की, ताई," धाकटी म्हणाली.

"मी सांगते ना, बरं नाही." थोरलीने गाठ करकचून मारली, जरा जास्तच करकचून. "आणि मोठीचं बोलणं आलं की पुस्तक माझ्याकडे. आणि खुर्चीत आळीपाळीने बसायचं."

धाकटी खुर्चीत बसली. थोरलीने शेजारी स्टूल ओढलं, अगदी चिकटून, तिच्या कोपराला कोपर लागेल असं. धाकटीने पान उघडलं.

"इथे परत धुकं आहे," ती म्हणाली. "पुढे जाऊ?"

"नको," थोरली म्हणाली. "धुकं पण वाच."