कात्रीपुढची चिठ्ठी

मी एक जुनी कात्री आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगते, माझं कौतुक करायची घाई करू नका.

माझा जन्म इंग्लंडमधल्या एका भट्टीत झाला. घणाचे घाव सोसले, धार चढली आणि आधी बोटीनं, मग आगगाडीनं मी कॅनडातल्या सस्कॅचवानच्या माळावर एका वसतिशाळेत आले. तिथं क्री लोकांची मुलं आईबापांपासून तोडून आणून ठेवलेली असत. शिवणवर्गाच्या ऑल्सनबाईंनी माझ्या मुठीला लाल लोकर गुंडाळली, बोटांना रुतू नये म्हणून. "अशी कात्री शोधून सापडायची नाही," असं त्या म्हणत आणि मी हुरळून जाई.

सप्टेंबरात नवी मुलं बाकावर रांगेनं बसवत आणि ऑल्सनबाईंच्या हातून मी त्यांच्या वेण्या कापत असे. मुलं रडत. मला वाटे, केसच तर आहेत, येतील परत. क्री लोकांत वेणी कापतात ती घरचं माणूस गेल्यावर, हे मला कुठं ठाऊक होतं! ठाऊक करून घ्यावं असंही वाटलं नाही, हेही खरं.

पुढं शाळा बंद पडली. ऑल्सनबाई गेल्या आणि मी त्यांच्या फडताळात गंजत पडले. यंदा त्यांची नात इन्ग्रिड, तीही शिक्षिका, हिनं मला तेलपाणी करून आपल्या वर्गात आणलं. जुन्या वसतिशाळांची आठवण म्हणून नारिंगी शर्ट घालतात, तो दिवस होता. माझ्यापुढं तिनं चिठ्ठी ठेवली, 'शिवणवर्गातली कात्री'. निम्मी खरी होती, म्हणूनच मला जास्त लागली. पण मला पाती आहेत, तोंड नाही.

मुलांशी बोलायला डेल्फीन वापास आल्या होत्या. वय शहात्तर, वर्गातल्या टानिसची पणजी. सगळी मुलं त्यांना कोकुम म्हणत, म्हणजे आजी. टेबलावर मांडलेल्या जुन्या वस्तू बघत बघत त्या माझ्यापाशी आल्या, लाल लोकर पाहिली आणि त्यांचा हात वरच्या वर थांबला.

"माझ्या आजीची आहे," इन्ग्रिड हौसेनं म्हणाली. "मुलींना शिवण शिकवायची ती."

"टानिस, माझा कोट आण."

"आत्ताच? तू बोलणार होतीस ना?"

"कोट आण म्हटलं ना."

त्या बाकावरच्या मुलांपैकी गावात आता या एकट्याच उरल्या होत्या. त्या गेल्या की ती चिठ्ठीच कायमची खरी ठरणार होती. भीतीनं माझा खिळा सुद्धा आवळला गेला.

टानिसनं कोट आणला, पण दिला नाही. "इथं नाही सांगितलंस तर घरी तरी कुठं सांगशील? मी विचारलं की तू टीव्हीचा आवाज वाढवतेस."

"जीभ फार चालते गं तुझी," कोकुम म्हणाल्या. पण खुर्ची ओढून बसल्या.

"या कात्रीची माझी पहिली ओळख शिवणात नाही झाली. मी सहा वर्षांची होते. वेणी खाली पडली, तेव्हा मला वाटलं, आई मेली. आमच्यात एरवी कोण कापतं? विचारणार कुणाला? इंग्रजी येईना, आणि क्री बोललं की पट्टी बसे. दहा महिने मी पांघरुणात तोंड घालून आईसाठी रडले. उन्हाळ्यात घरी सोडलं, तर आई दारात उभी. तिनं माझं डोकं पाहिलं आणि तिच्या हातातली बादलीच सुटली. म्हणाली, 'कोण गेलं गं?' मी म्हटलं, 'तू.'"

इन्ग्रिड हळूच म्हणाली, "मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. आजीला तरी माहीत होतं का?"

"नव्हतं. मी रोज शिवणवर्गात तिच्यासमोर बसत होते, पोरी. तिनं विचारलं नाही."

इन्ग्रिडनं चिठ्ठी उचलली आणि लेखणी कोकुमच्या हातात दिली. त्यांनी आधी क्रीमध्ये लिहिलं, मग खाली इंग्रजीत: 'हिनं आमच्या वेण्या कापल्या.'

मित्रांनो, मला गंज चढू देऊ नका, पण धारही लावू नका. आणि कुणाचं भलं करायला निघाल तेव्हा आधी त्याच्या शेजारी बसा आणि त्याच्या भाषेत त्याला विचारा. त्या बाकावर जागा होती.