लोकार्पणाआधीची चाचणी

बॅटरीची चाचणी तशी सोपी असते. ती पूर्ण भरायची, तिच्यावर ठरलेला भार टाकायचा आणि ती मान टाकेपर्यंत बघत बसायचं. किती तग धरला ते लिहून द्यायचं. बुद्धभूषण पगारे हा विषय नाशिकच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात गेली वीस वर्षं शिकवत होते, आणि कॉलेज त्यांच्यावर साधारण हाच प्रयोग करत होतं.

त्या दिवशी सकाळी ते इगतपुरीच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या खडकवाडीच्या आरोग्य उपकेंद्रात पोचले. शेवटचा मैलभर चालत, कारण ओढ्यावरच्या फरशी पुलाला पाणी लागलं होतं आणि गाडीवाला पुढे यायला तयार नव्हता. वाडीत विजेचे खांब होते, तारा नव्हत्या. खांब उभे राहिले तेव्हा एक कार्यक्रम झाला होता. तारांचा कार्यक्रम अजून व्हायचा होता.

मधल्या काळासाठी एका कंपनीच्या ट्रस्टने उपकेंद्राला छपरावर सोलर पॅनल आणि खोलीत पुरुषभर उंचीचं लोखंडी कपाट दिलं होतं. कपाटात लिथियमची बॅटरी, पंधरा युनिटची. लशींचा फ्रिज, दिवे आणि करोनाच्या वर्षी येऊन विजेअभावी खोक्यातच राहिलेलं ऑक्सिजनचं मशीन, एवढं सगळं तिच्यावर चालणार होतं. चालतं का, हे पगारे सरांनी तपासायचं होतं.

कपाटाला झेंडूची भरगच्च माळ घातली होती. वरून लाल फीत. फितीची गाठ बरोबर मुख्य बटणावर मारली होती आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत शंभर हा आकडा दिसत होता.

"पगारे सर, नुसतं बघा. हात लावू नका," ट्रस्टचा समन्वयक शेखर म्हणाला. इस्त्रीचा शर्ट, पायात गमबूट, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत. "आधी लोकार्पण, मग तुमचं मूल्यमापन."

"उलटं असतं ते, शेखर. आधी चालते का बघायचं, मग लोकांना द्यायची."

"चालतेय की. शंभर दाखवतेय."

"शंभर दाखवणं वेगळं आणि शंभर असणं वेगळं."

"सर, पाहुण्यांना दाखवायचंच आहे."

शेखरचीही बाजू होती. मागच्या वर्षी दुसऱ्या एका गावात याच पाहुण्यांच्या हस्ते नळयोजनेचं लोकार्पण झालं. पाहुण्यांनी नळ फिरवला, नळातून हवा आली आणि ती हवा फोटोसह पेपरात छापून आली. तेव्हापासून त्यांच्या पीएची सक्त अट होती, की वस्तू कोरी पाहिजे, भरलेली पाहिजे आणि साहेबांच्या आधी तिला कोणाचा हात लागता कामा नये. ट्रस्ट कॉलेजला नवी प्रयोगशाळा देणार होता. निघताना प्राचार्य पगारेंना म्हणाले होते, जरा जुळवून घ्या. जुळवून घेण्याचा पगारेंचा अनुभव दांडगा होता.

पलीकडच्या खोलीत, दार उघडंच होतं, खाटेवर कुसाबाई होती. तिने आयुष्याची बरीच वर्षं खडी फोडण्याच्या क्रशरवर काढली होती आणि तिथली धूळ तेव्हापासून तिच्या छातीत वस्तीला होती. पहाटे तिच्या मुलाने, जयरामने, तिला झोळीत घालून आणलं होतं. उशाशी ऑक्सिजनचा लहान सिलिंडर. त्याचा काटा लाल पट्ट्यापाशी आला होता. नर्स राखीने तो पुरवून वापरायचा म्हणून सोडायचं प्रमाण पहाटेपासूनच कमी केलं होतं. अँब्युलन्स पुलाच्या पलीकडे उभी होती आणि एव्हाना पुलावर कमरेएवढं पाणी चढलं होतं, झोळीही पलीकडे नेता येत नव्हती. ड्रायव्हर फोनवर सांगत होता, पाणी उतरलं की येतो.

राखी दारात आली. "सर, ती बॅटरी भरलेली आहे ना?"

"आहे."

"मग मशीन लावू? यांना आत्ता लागतंय. सिलिंडर दुपार नाही बघणार."

पगारेंनी शेखरकडे पाहिलं. शेखरने पिशवीतूनच फोन लावला, पावसात बाहेर जाऊन बोलला, परत आला.

"पाहुणे निघालेत सिस्टर. अकरापर्यंत पोचतायत. तेवढं काढा."

"अँब्युलन्सला पूल बंद आहे. मग पाहुणे कुठून येणार?"

"ते पाहुणे आहेत," शेखर म्हणाला.

राखी आत गेली. तिने कुसाबाईच्या बोटाला लावलेल्या यंत्रातला आकडा पाहिला आणि कोणाला सांगितला नाही.

अकराला निरोप आला की घोटीला कार्यकर्त्यांनी गाडी अडवून सत्कार केला. मग कळलं, आता विश्रामगृहावर आहेत, चहा झाला की निघतील. शेखर दर निरोपानंतर माळ सारखी करायचा. पगारे खुर्चीवर बसून कपाटाच्या मागच्या बाजूकडे बघत होते. तिथे एक साधं सॉकेट होतं, चाचणीसाठी दिलेलं, मुख्य बटण न दाबताही चालणारं. त्याला ना माळ होती, ना फीत. ते तिथे आहे हे त्यांना आल्याआल्या माहीत होतं. आपण ते का बोलत नाही, हा प्रश्न ते मधूनमधून स्वतःला विचारत होते आणि मधूनमधून घड्याळ बघत होते.

जयराम आतून आला आणि कपाटासमोर उभा राहिला. अंगावरचं पाणी टिपकत होतं.

"साहेब, ह्याच्यात लाईट हाय ना?"

"आहे."

"भरल्याली?"

"भरलेली."

"मंग ती दुसऱ्या कुनाची हाय का?"

विचारण्यात राग नव्हता. एखाद्याच्या शेतातून वाट काढण्याआधी माणूस विचारतो, तसं त्याने विचारलं. पगारे उठले.

"शेखर, मी चाचणी घेतोय."

"सर, काय ठरलंय आपलं?"

"लोकार्पण करत नाही. फीत आहे तशी राहील, बटणाला हात लागणार नाही. मागच्या सॉकेटवर लोड लावतो. चाचणी न घेता वस्तू दिली तर उद्या ऑडिटला कोण तोंड देणार? तुमचीच सही आहे खाली."

सकाळपासून पलीकडच्या खोलीतून येणाऱ्या धापेच्या आवाजाने जे झालं नव्हतं, ते ऑडिट या एका शब्दाने झालं. शेखर विचारात पडला.

"लोड काय लावणार?"

"ऑक्सिजनचं मशीन. साडेतीनशे वॅट."

"आणि त्या आजी? त्यांना कशात दाखवायचं?"

"त्या लोडमध्ये आल्या."

मशीन खोक्यातून निघालं. थर्माकोल फुटला, त्याचे पांढरे दाणे ओल्या फरशीवर चिकटले. वायर भिंतीच्या कडेने पलीकडच्या खोलीत गेली, मशीन गुरगुरलं, राखीने सिलिंडरची नळी काढून नवी नळी कुसाबाईच्या नाकाला लावली. बोटावरचा आकडा सत्तरच्या आसपास होता. तो ब्याऐंशीपर्यंत चढला आणि तिथे थांबला.

थोड्या वेळाने कुसाबाईने डोळे उघडले. तिला दारातून कपाटावरची माळ दिसली.

"कोन गेलं?"

"कोणी नाही आजी," राखी म्हणाली. "बॅटरी आहे ती."

"तिला हार?"

"हो."

"बरं," कुसाबाई म्हणाली आणि तोंड भिंतीकडे केलं.

बाहेरच्या खोलीत शेखर कपाटासमोर उभा राहून जखमींची संख्या कळवावी तशा आवाजात सांगत होता. "नव्याण्णव झाले, सर." मग, "अठ्ठ्याण्णव." सत्त्याण्णवला त्याने पाहुण्यांसाठी आणलेला पुष्पगुच्छ पडद्यासमोर ठेवून बघितला. उंची कमी पडली. त्याने गुच्छाखाली औषधांचं खोकं सरकवलं. आता आकडा दिसत नव्हता. कपाट आधीपेक्षा जास्त शोकाकुल दिसत होतं.

बॅटरी मात्र उत्तम होती. पगारे दर थोड्या वेळाने मीटर लावत होते. कुठला सेल गरम नाही, कुठला मागे पडत नाही, व्होल्टेज सरळ रेषेत. एवढी प्रामाणिक वस्तू त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. या भारावर ती हे मशीन उद्या रात्र सरेपर्यंत चालवील, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी तो राखीला सांगितला.

"मशीन चालेल हो, सर," राखी हळू आवाजात म्हणाली. "पण पहाटेपासून यांना निम्माच मिळालाय. हृदय थकलंय आता. सकाळीच लावलं असतं तर..." तिने वाक्य सोडून दिलं आणि कुसाबाईचे पाय चोळायला घेतले.

पगारे बाहेर आले. सॉकेटकडे पाहायचं टाळून त्यांनी पुन्हा मीटर लावला. व्होल्टेज सरळ रेषेत होतं.

दुपार उतरताना पीएचा फोन आला. पूल पाण्याखाली असल्याने सुरक्षेच्या कारणास्तव दौरा रद्द, लोकार्पण पुढच्या गुरुवारी. शेखरने निश्वास टाकला. "गुरुवारपर्यंत होईल ना हो परत शंभर?"

"या पावसात? ऊन पडलं तर."

"मग आता बंदच करून टाकू. कार्यक्रमच नाही तर चाचणी कशाला?"

"आत बाई आहे, शेखर."

"हो, ते आहेच," शेखर म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. गडबडीत त्याच्या लक्षातून गेलं होतं.

त्यानंतर फार वेळ गेला नाही. कुसाबाईचा श्वास आधी मोठा झाला, मग त्यात अंतर पडायला लागलं. जयरामने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. राखीने छाती दाबली, सुई दिली, पुन्हा छाती दाबली आणि शेवटी हात बाजूला घेऊन दंडाने कपाळ पुसलं. मशीन तसंच गुरगुरत होतं. नळीतून सू सू हवा येत होती. पुष्पगुच्छामागे आकडा एक्क्याण्णव होता.

शेजारची माणसं आली. झोळी आली. कुसाबाईला उचलून ओसरीवर नेलं. नळी उशीवर राहिली. राखीने मशीनच्या बटणाकडे हात नेला.

"ऱ्हाऊ द्या बाई," जयराम म्हणाला. तो दारातच थांबला होता.

राखीला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "काय?"

"चालू ऱ्हाऊ द्या. किती टाईम चालतंय ते कळंल तरी. क्रशरवाले अजून तिघं हायेत आमच्या आळीत. हिच्यावानीच खोकत्यात." मग तो पगारेंकडे वळला. "तुमी ऱ्हाताय ना, साहेब? का तुमालाबी जायचंय?"

"अहो जयराम, पण गुरुवारी शंभर पाहिजे," शेखर समजुतीच्या स्वरात म्हणाला. "हे असंच चालू ठेवलं तर संपेल ना सगळं."

"संपवायचीच असते," पगारे म्हणाले. "चाचणी आहे."

त्यांनी कपाटासमोरचा पुष्पगुच्छ उचलला आणि ओसरीवर नेऊन कुसाबाईच्या पायाशी ठेवला. पगारेंनी खुर्ची ओढून खाटेजवळ घेतली. बाहेर माणसं ओल्या लाकडांविषयी बोलत होती, कोणाच्या गोठ्यात कोरडी मिळतील याची चौकशी चालली होती. पगारेंनी प्राचार्यांचा फोन दोनदा वाजू दिला. उशीवरच्या नळीतून हवा येत होती, आणि उघड्या दारातून आकडा दिसत होता. एक्क्याण्णवचे नव्वद झाले.